पुढचं स्टेशन बटर चिकन

आमचं गाव क्वेकर्स हिल. सिडनीच्या पश्चिमेला, ब्लॅकटाउनच्या पुढे दोन स्टेशनं. भारतातल्या नातेवाइकांना पत्ता सांगितला की निम्मे विचारतात, “ओट्सच्या डब्यावरचा तो टोपीवाला म्हातारा तिथलाच का?” नाही हो. क्वेकर हा ख्रिस्ती लोकांतला साध्या राहणीचा पंथ, मौन धरून प्रार्थना करणारा. इथे इतकी वर्षं राहून मला एकही क्वेकर भेटलेला नाही. मौन तर नाहीच नाही. शनिवारी संध्याकाळी आमच्या गल्लीतल्या घराघरातून, वेगवेगळ्या भाषांत, एकच आरोळी ऐकू येते : “आज मी स्वयंपाक करणार नाहीये!”

यावरचा तोडगा रेल्वेनं केव्हाच छापून ठेवलाय. सिडनीच्या बहुतेक गाड्या शहराच्या पोटात शिरतात. आमच्या स्टेशनावरून जाणारी टी-फाइव्ह मात्र शहराकडे ढुंकूनही बघत नाही. रिचमंडहून निघते, पॅरामॅटा गाठते आणि तिथून दक्षिणेला लेपिंग्टनकडे वळते. नकाशावर तिचा रंग राणी. वाटेत ऑपेरा हाउस लागत नाही, हार्बर ब्रिज लागत नाही, त्यामुळे पर्यटकाला ती माहीतही नसते. पण पोटात कावळे ओरडत असतील तर सिडनीत हिच्यासारखी गाडी नाही.

ब्लॅकटाउनला उतरा, फिलिपिनो जेवण. पेंडल हिलला श्रीलंकेतल्या तमिळांची कोत्तु रोटी; दोन उलथन्यांचा तव्यावरचा खडखडाट रस्त्यापर्यंत येतो. वेंटवर्थव्हिलला डोसे. हॅरिस पार्कला अख्खा भारत. मेरीलँड्सला अफगाणी नान आणि कबाब. फेअरफिल्डला इराकी भट्टीतला होडीच्या आकाराचा पाव. आणि कॅब्रामॅटाला व्हिएतनाम. एवढे देश फिरायचे म्हटले तर व्हिसा काढता काढता माणूस निवृत्त होईल. इथे रेल्वेचं एक ओपल कार्ड पुरतं.

आणि आम्ही? आम्ही दर वेळी हॅरिस पार्कला उतरतो.

*

तसं ठरवत नाही हं आम्ही. ठरवतो नेहमी ‘काहीतरी वेगळं’. त्यासाठी व्हॉट्सअॅपवर स्वतंत्र ग्रुप आहे. सात कुटुंबं. बुधवारी सकाळी एकजण उत्साहानं लिहितो, “या शनिवारी व्हिएतनामी?” त्यावर तीन अंगठे येतात आणि मग खऱ्या चर्चेला तोंड फुटतं.

“त्यांच्या सगळ्यात फिश सॉस असतो म्हणे.”
“मग टर्किश?”
“आमचा शनिवार असतो.”
“मग रविवारी?”
“रविवारी संकष्टी आहे.”
“जपानी?”
“कच्चं?”

संकष्टीचं प्रकरण इथे जरा अवघडच. उपास चंद्र बघून सोडायचा. उन्हाळ्यात इथली घड्याळं तासभर पुढे असतात, आठपर्यंत ऊन असतं आणि चतुर्थीचा चंद्र यायला दहा वाजून जातात. उपनगरातल्या हॉटेलांची स्वयंपाकघरं मात्र नऊला आवरायला घेतात. म्हणजे चंद्र उगवतो तेव्हा बल्लव मावळलेला असतो. श्रावणाची तऱ्हा उलटी. तो ऐन थंडीत येतो. बाहेर बोचरा वारा, समोर वाफाळतं सूप, आणि आमचा एक मित्र सूपाकडे बघत बायकोला विचारतो, “यात नक्की काय काय आहे, ते विचार ना.” विचारायचं काम बायकोचं, कारण नियम तिनं घातलाय; इंग्रजी मात्र याला येतं.

बुधवारी सुरू झालेली चर्चा शुक्रवारी रात्री दमून खाली बसते. शेवटी कुणीतरी लिहितं, “हॅरिस पार्क सेफ आहे.” सेफ! जणू बाकीच्या स्टेशनांवर दरोडे पडतात.

*

हॅरिस पार्कला माझा विरोध नाही, हे आधीच लिहून ठेवतो. मला तिथे पुन्हा जायचंय. विग्रम स्ट्रीटवर जुन्या काळची बैठी, व्हरांड्याची घरं आहेत. पूर्वी त्या व्हरांड्यांत कोण बसत असेल कोण जाणे, आता तिथे नंबर लावून बसलेली पंजाबी, गुजराती, तेलुगू आणि मराठी कुटुंबं असतात. २०२३ च्या मे महिन्यात ऑलिम्पिक पार्कच्या भरगच्च सभेत पंतप्रधान मोदींनी इथल्या ‘चटकाझ’ची चाट आणि ‘जयपूर स्वीट्स’ची जिलबी यांची नाव घेऊन तारीफ केली आणि माझे मित्र अल्बानीझ यांनाही तिकडे न्या, असं लोकांना सांगितलं. ‘लिटल इंडिया’च्या प्रवेशद्वाराची कोनशिलाही त्याच सभेत. दोन देशांच्या पंतप्रधानांमध्ये व्यापार आणि संरक्षणाबरोबर जिलबीचाही विषय निघतो, ही परराष्ट्र धोरणातली मोठीच मजल. ऑस्ट्रेलियाचे त्याआधीचे पंतप्रधान स्कॉट मॉरिसन यांनी २०२० मध्ये स्वतः सामोसे करून आंब्याच्या चटणीसकट त्यांचा फोटो टाकला होता. आपल्या मतांना इथे चव आली आहे, एवढाच याचा अर्थ.

आम्ही चौदा जण टेबलाशी बसतो. मेन्यू सगळ्यांच्या हातात जातो, पंधरा मिनिटं अभ्यास होतो. मग ऑर्डर : बटर चिकन, पनीर बटर मसाला, व्हेज मंचुरियन, हाका नूडल्स, गार्लिक नान. गेल्या वेळी हेच होतं. त्याआधीही हेच. मेन्यू आम्ही वाचत नाही, त्याचं पारायण करतो.

या ऑर्डरीतल्या पदार्थांची कुळकथा बघा. बटर चिकन दिल्लीतल्या दर्यागंजचं. फाळणीनंतर पेशावरहून आलेल्या पंजाब्यांनी तिथे ‘मोती महल’ काढलं, तिथली ही करणी. ती नेमकी कुणाची, यावरून दोन हॉटेलांच्या वारसांचं प्रकरण २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. मंचुरियनचा मंचुरियाशी संबंध नाही. ते मुंबईच्या क्रिकेट क्लबात नेल्सन वाँग यांनी १९७५ मध्ये चिकनवर केलं, आपण त्यात कोबी भरून ते शुद्ध करून घेतलं. म्हणजे ‘आपलं’ म्हणून आम्ही दिल्लीचं खातो आणि ‘चायनीज’ म्हणून मुंबईचं. खुद्द चिनी माणूस दोन टेबलं सोडून पाणीपुरी खात असतो. तो आमच्यापेक्षा धाडसी.

जेवताना आमचा एक मित्र मनातल्या मनात गुणाकार करत असतो. मनातल्या मनात म्हणजे मोठ्यानं. “एकोणीस डॉलर! म्हणजे हजाराच्या वर! हजार रुपयांत पुण्यात आमचं अख्खं घर जेवायचं!” या मित्राला पुणं सोडून सतरा वर्षं झाली. त्याच्या डोक्यातलं मेन्यूकार्ड त्याच साली लॅमिनेट करून ठेवलेलं आहे. पगाराला मात्र तो कधी रुपयांच्या दरानं गुणताना दिसला नाही.

*

मग येतं बिल. त्याची तीन कलमं आहेत.

पहिलं, पाणी. वेटर विचारतो, “स्टिल की स्पार्कलिंग?” नवखा मराठी माणूस इथे फसतो आणि नऊ डॉलरची बाटली उघडून बसतो. या राज्यात दारूचा परवाना असलेल्या हॉटेलानं पिण्याचं पाणी फुकट द्यायचं, असा कायदाच आहे. फक्त “टॅप वॉटर” हे दोन शब्द न लाजता म्हणता आले पाहिजेत. जो माणूस पुण्याच्या हॉटेलात “बिसलेरी नको, साधं द्या” म्हणताना कधी लाजला नाही, तो इथे लाजतो. सातासमुद्रापार आल्यावर माणसाला आधी तहानेची लाज वाटायला लागते.

दुसरं, रविवारचा सरचार्ज. बऱ्याच ठिकाणी रविवारी दहा टक्के जादा, सार्वजनिक सुटीला पंधरा. कारण सरळ आहे : रविवारी आणि सणावारी काम करणाऱ्याला इथे कायद्यानंच जास्त पगार द्यावा लागतो. रविवारी गेलो की यावर आमच्या टेबलावर हमखास एक व्याख्यान होतं, “लुबाडतात हो हे लोक!” व्याख्याते स्वतः आयटीत आहेत. रविवारच्या रिलीजला दुप्पट दर मिळाला नाही, तर सोमवारी एचआरच्या दारात उभे राहतात. कष्टाचं मोल झालं पाहिजे यावर आमचं एकमत आहे. ते कष्ट आपले असावेत, एवढीच अट.

तिसरं आणि सगळ्यात रक्तरंजित कलम : पैसे देणार कोण? पहिला अंक, “मी देतो.” “छे छे, मी देतो.” कार्ड धरलेल्या हातांची झटापट, एका काकूंचा चष्मा खाली. दुसरा अंक, मशीन कुणाच्या तरी कार्डावर वाजतं आणि बाकीचे “हे बरं नाही हं” म्हणत हायसे होतात. तिसरा अंक घरी पोचल्यावर. फोनवर संदेश येतो : “माझ्या स्प्लिटवाइजप्रमाणे तुमच्याकडे ४३ डॉलर ७५ सेंट. मुलीची मँगो लस्सी धरलेली नाही.” पाहुणचार आपला, हिशेब इथला, दोन्ही संस्कृतींतलं नको तेवढंच उचलण्यात आमचा हात कुणी धरणार नाही.

*

“पण मग इथल्या लोकांचं स्वतःचं जेवण कुठलं?” असं पाहुणे विचारतात. सांगतो. शनिवारी सकाळी बनिंग्ज नावाच्या हार्डवेअरच्या दुकानाबाहेर मंडप लागतो. शाळा, क्रीडामंडळं, समाजसेवी संस्था पैसे उभे करायला तिथे सॉसेज भाजतात. पावाच्या एका स्लाइसवर सॉसेज, त्यावर परतलेला कांदा, वर सॉस. खिळे आणायला गेलेला माणूस हातात जेवण घेऊन परततो.

२०१८ मध्ये या दुकानानं फर्मान काढलं की कांदा वर नाही, सॉसेजच्या खाली घालायचा. का? वरचा कांदा घरंगळून जमिनीवर पडतो आणि लोक घसरतात. झालं! देश ढवळून निघाला. कांदा वर की खाली यावर बातम्या झाल्या, पंतप्रधानांपर्यंत प्रश्न गेला. आमच्या ग्रुपवरही लोक खूप हसले. “काय येडे लोक, कांद्यावरून भांडतात!” त्याच ग्रुपवर आदल्या आठवड्यात चातुर्मासात पातीचा कांदा चालतो का यावर एकशे बारा संदेश पडले होते आणि एक वहिनी ग्रुप सोडून गेल्या होत्या.

*

गेल्या वर्षी सांगलीहून आत्या आली. वय पंचाहत्तर. शाकाहारी, वारकरी, गुडघे दुखरे. आम्ही धसका घेतला होता. कुठे न्यायचं हिला? आत्या आल्या दिवसापासून म्हणत होती, “अरे, एवढ्या लांब आलेय, इकडचं काहीतरी खायला घाल.” आम्ही समजुतीनं मान डोलवली आणि तिला हॅरिस पार्कला नेऊन पावभाजी खायला घातली.

तिनं सगळी संपवली. पानात टाकायची तिला सवय नाही. हात पुसत म्हणाली, “चांगली होती हो. आमच्याकडे विश्रामबागला मिळते तशीच.” मग डोळे बारीक करून, “यासाठी मी तेरा-चौदा तास विमानात बसले का?”

पुढच्या शनिवारी तिला टी-फाइव्हमध्ये खिडकीशी बसवलं. हॅरिस पार्क आलं. सवयीनं मी उठलो. बायकोनं सदरा ओढून खाली बसवलं. दारं बंद झाली आणि मी पहिल्यांदाच त्या स्टेशनाकडे चालत्या गाडीतून बघितलं.

कॅब्रामॅटा. १९७५ मध्ये सायगाव पडलं, त्यानंतर निर्वासित होऊन आलेल्या माणसांनी उभं केलेलं गाव. चौकात रंगीत कमान, फुटपाथवर लेमनग्रासच्या जुड्या, आंबे आणि पपया मांडून बसलेल्या आज्या. आत्यानं भाव विचारला, मराठीत. त्या आजीनं बोटं दाखवली. आत्यानं तिची दोन बोटं खाली केली. आजी हसली आणि एक बोट वर केलं. व्यवहार झाला. भाषेची अडचण आम्हाला होती, त्या दोघींना नव्हती.

मी अजून फिश सॉसच्या चिंतेतच. तेवढ्यात बायकोनं एका पाटीकडे बोट दाखवलं. इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं : ‘चाय’. म्हटलं, चला, निदान चहा तरी मिळेल. आत गेलो तर चहाचं नाव नाही. भिंतीवर बुद्ध आणि टेबलांवर वाफाळते वाडगे. व्हिएतनामी भाषेत ‘चाय’ म्हणजे शाकाहारी! त्यांच्यातले बौद्ध लोक चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी मांसमच्छी वर्ज्य करतात, काही जण कायमची. मासे नाहीत, अंडं नाही, फिश सॉसच्या जागी सोयाबीनचा सॉस. आत्याला हे सांगितल्यावर ती शांतपणे म्हणाली, “म्हणजे यांच्याकडेही कालनिर्णय असणार.”

इतकी वर्षं आम्ही ‘त्यांच्यात शाकाहारी मिळत नाही’ म्हणून ज्या स्टेशनाला गेलो नाही, तिथे शाकाहाराला स्वतंत्र शब्द होता, तिथी होत्या आणि पाटी होती. आमच्या सिडनीतल्या मुक्कामापेक्षा ती पाटी जुनी दिसत होती.

मग आलं बान सेओ. तांदळाचं पीठ, हळद, नारळाचं दूध, कडा कुरकुरीत, आत मुगाचे मोड आणि मश्रूम. आत्यानं एक घास घेतला आणि निकाल दिला : “धिरडं आहे. तवा चांगला तापलेला होता.”

या ‘हे तर आपलं’ची आपल्याला फार हौस. मोमो दिसला की हा तर आपला मोदक. तुर्की गोझलेमे म्हणजे आपला भरलेला पराठा. कोपऱ्यावर बबल टीचं दुकान होतं. त्यातले काळे टपोरे मणी म्हणजे टॅपिओका, सरळ सरळ साबुदाण्याचा थोरला भाऊ. बायकोनं डोळे मिचकावत विचारलं, “चतुर्थीला चालेल का हो आत्या?” आत्यानं गंभीरपणे स्ट्रॉनं एक मणी ओढला, चावला आणि म्हणाली, “चालेल. पण दाण्याचं कूट कमी आहे.”

मी मात्र हातातल्या बान मीकडे बघत बसलो होतो. पाव फ्रेंचांचा. त्यांनी व्हिएतनामवर राज्य केलं, ते गेले, पाव राहिला. व्हिएतनामी लोकांनी त्यात आपली लोणची, कोथिंबीर, मिरची कोंबली आणि तो पाव आपला करून टाकला. हे ओळखीचं वाटत होतं. आपला पाव पोर्तुगिजांचा, शब्दासकट. बटाटा आणि मिरचीही त्यांच्याच गलबतांतून आली. तीन परदेशी गोष्टी एकत्र करून दादर स्टेशनाबाहेर १९६६ साली अशोक वैद्यांनी वडापाव विकायला घेतला, आणि आता त्यावर आपण अस्मितेचे मोर्चे काढतो. बान मी आणि वडापाव ही एकाच घरातल्या दोन सुनांची मुलं. फरक एवढाच की बान मी आज सिडनीत गल्लोगल्ली मिळतो. पश्चिमेच्या बांधकामांवरचा गोरा मजूर दुपारी तोच खात बसलेला दिसतो. आणि वडापाव? वडापाव मिळतो. हॅरिस पार्कला. चाटच्या रकान्यात, खालून तिसरा.

*

परतीच्या गाडीत आत्यानं साधा प्रश्न विचारला. “या लायनीवर आपलं स्टेशन कुठलं रे?”

“हॅरिस पार्क.”

“ते नव्हे. आपलं. पिठलं-भाकरीचं.”

मी रुळांकडे बघत बसलो.

‘मराठी माणसाला हॉटेल जमत नाही’ हे वाक्य मी स्वतः किमान शंभर वेळा म्हटलंय. चौकशीची कटकट वाचते. पण ते खोटं आहे. दादरला मामा काण्यांचं नाव १९१० पासूनचं. गिरणगावातल्या बायकांनी घरच्या चुलीवर खानावळी चालवून गिरणी कामगारांच्या पिढ्या जेवू घातल्या. त्याच खानावळवाल्यांना एकत्र करून प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. दादरच्याच ‘आस्वाद’च्या मिसळीला २०१५ मध्ये लंडनला जगातला उत्तम शाकाहारी पदार्थ म्हणून पुरस्कार मिळाला. त्याच लंडनच्या हाउन्स्लोमध्ये दोन मुंबईकर मित्रांनी २०१० मध्ये वडापावचं दुकान काढलं आणि चालवून दाखवलं.

म्हणजे जमतं. अडतं ते दुसरीकडेच. बाहेर जेवायचं म्हणजे घरी होत नाही ते खायचं, हा आपला जुना बाणा. मुंबईत शेट्टींकडे इडली, इराण्याकडे ब्रून-मस्का, पंजाब्याकडे पनीर. घरी आमटी आहेच की! त्यामुळे आमटीला पैसे पडू शकतात ही कल्पनाच आपल्याला अश्लील वाटते. घरी परका पाहुणा आला तरी आपण पिठलं झाकून ठेवतो आणि छोले करतो. त्या पाहुण्याला वाटतं, हे लोक रोज छोले खातात.

सिडनीत मराठी पदार्थ मिळत नाहीत असं मात्र नाही हं. गणपतीच्या कार्यक्रमात मिसळीपुढे रांग लागते. उकडीचे मोदक हवे असतील तर अमुक वहिनींना आठ दिवस आधी व्हॉट्सअॅप करायचा. पुरणपोळी दुसऱ्या वहिनी. भाकरी तिसऱ्या, पण त्या सध्या भारतात गेल्यात. तमिळांचं पेंडल हिल आहे, व्हिएतनाम्यांचं कॅब्रामॅटा आहे. आपलं स्टेशन म्हणजे कुणाच्या तरी वहिनींचा मोबाइल नंबर. तोही ओळखीशिवाय मिळत नाही.

*

आता शेवटचं, आणि हे सांगायला मला फारशी हौस नाही.

आमच्या शेजारी फिलिपिनो काका राहतात. आत्या आणि त्यांची कुंपणावरून घट्ट मैत्री जमली. त्यांनी एकदा वाडगाभर सिनिगांग आणून दिलं, मुद्दाम भाज्यांचं. आत्यानं चव घेतली आणि अर्थातच म्हणाली, “हे तर आपलं चिंचेचं सार.” रिकामं भांडं परत द्यायचं नसतं, म्हणून तिनं सांगलीहून आणलेल्या, विमानतळावर रीतसर जाहीर करून सोडवून घेतलेल्या भाजणीची चार थालीपीठं लावून, वर लोण्याचा गोळा ठेवून त्या वाडग्यावर झाकली.

आत्या सांगलीला परत गेली. महिनाभरानं काकांनी मला कचऱ्याच्या डब्यांशी गाठलं. म्हणाले, मुलगी येतेय मेलबर्नहून, तिला तुमचं जेवण खायला घालायचंय. ते मधे भोक असलेलं, गोल. कुठल्या रेस्टॉरंटमध्ये मिळतं?

सांगायला हवं होतं, “कुठेच नाही, आज आमच्याकडे या.” भाजणीचा अर्धा डबा अजून फळीवर होता. पण शनिवार होता, बायकोनं आरोळी दिलेली होती, आणि खरं सांगायचं तर थालीपीठ मला लावता येत नाही, आयुष्यभर फक्त खाल्लंय. मी म्हटलं, “हॅरिस पार्क. सेफ आहे.”

सोमवारी ते पुन्हा भेटले. चेहरा उजळलेला. गोल भोकाचं काही मिळालं नाही म्हणे, पण वेटरनं दुसरं काहीतरी सुचवलं. लालसर, क्रीम घातलेलं, चिकनचं. मुलीनं नानबरोबर वाटी पुसून खाल्लं. माझा हात हातात घेऊन काका मनापासून म्हणाले, “तुम्हा लोकांचं जेवण फारच सुंदर आहे.”

मी मान लववली आणि “थँक यू” म्हटलं. दर्यागंजच्या वतीनं.